यूपीएसचं ऐकणारं कोणीतरी हवं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. छपाईसाठी थोडे आवरून घेतले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला "सोसायटी आणि संगणक". विषय एवढा मोठा आणि वेळ वीस मिनिटं. म्हणून त्यातला एकच कोपरा घेतो. आपल्या कार्यालयातला यूपीएस, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला आपण निवडलेलं सॉफ्टवेअर. यावर कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या. बाहेर कुजबुजही झाली, की हे पेन्शनर लोक फुकटचं काहीतरी आणून बसवतात. तेव्हा काय बसवलं आणि तेच का, हे एकदा सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं.

मी बँकेत लागलो तेव्हा सगळा कारभार खातेवह्यांवर होता. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. मग नव्वदच्या दशकात शाखेत युनिक्सवर चालणारा सर्व्हर आला आणि त्याच्यासोबत यूपीएसची वेगळी खोली आली. आत ओळीनं बॅटऱ्या, ॲसिडचा वास, आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन. लाईन गेली की यूपीएस ओरडायला लागायचा. मग आमचा ऑपरेटर सगळ्या काउंटरना हाक मारायचा, "लॉग आउट करा, लॉग आउट करा", आणि सर्व्हर हातानं बंद करायचा. म्हणजे तिथे यूपीएसचं ऐकणारा एक माणूस होता. त्याचा पगारच त्यासाठी होता म्हणा ना.

आपल्या कार्यालयात असा माणूस नाही. आपले व्यवस्थापक सहा वाजता घरी जातात. एकदा रात्री मी फेरफटका मारत होतो, तेव्हा आपले वॉचमन भाऊ मला म्हणाले, "साहेब, लाईन गेली तं हे ऑफिसातलं टीं टीं टीं करते. पण आयकते कोण?" माझ्या सगळ्या भाषणाचा गाभा त्यांच्या या प्रश्नात आहे.

आधी इन्व्हर्टरबद्दल सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. बरेच जण म्हणतात, आमच्या घरी इन्व्हर्टरवर संगणक चालतो, मग सोसायटीला वेगळा यूपीएस कशाला? चालतो, खरं आहे. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरचा रिले पलटायला काही मिलिसेकंद लागतात. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये साधारण पंधरा-वीस मिलिसेकंद पुरेल एवढी ऊर्जा साठलेली असते. त्याच्या आत रिले पलटला तर संगणकाला काही कळत नाही. उशीर झाला तर तो पडतो आणि पुन्हा सुरू होतो. पण खरा फरक पुढे आहे. घरच्या इन्व्हर्टरला सहसा संगणकाशी बोलायची सोयच नसते. बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टरला माहीत असतं, संगणकाला नसतं. यूपीएसच्या पाठीमागे यूएसबीची जागा असते, तिथून वायर संगणकाला लावता येते. (सगळ्यांना नसते. घेताना डबा फिरवून बघा.) आणि ती वायर लावली तरी तिच्यावरून येणारं ऐकायला संगणकात एक प्रोग्राम लागतो. तो नसेल तर यूपीएस फक्त पडण्याची वेळ दहा मिनिटांनी पुढे ढकलतो.

आता आपल्याकडे काय झालं ते. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली, तेव्हा आपण कार्यालयातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घेतलं. नवीन मशीनचा खर्च वाचला. हिशेब लिब्रेऑफिसमध्ये, सभासद नोंदवहीचा आय नमुना आणि सभासद यादीचा जे नमुना कागदावर आणि संगणकावर दोन्हीकडे. ज्यांच्याकडून देखभाल करून घेत होतो त्यांनी सांगितलं, यूपीएस आहे ना, काळजी करू नका. यूपीएसची यूएसबी वायर मात्र पिशवीतून बाहेरच काढलेली नव्हती.

२०२३ च्या जूनमध्ये पावसाच्या आधीचं वादळ झालं, आठवत असेल. खामगावकरांना नवीन नाही. लाईन आली, गेली, परत आली, आणि मग रात्रभर गेली ती गेलीच. संगणक चालू राहिलेला होता, हिशेबाची फाइल उघडी होती. सकाळी मशीन सुरू झालं पण ती फाइल शून्य बाइटची. आधीची प्रत होती ती दोन महिन्यांपूर्वीची.

यावर एक जण मला म्हणाले, लिनक्सची फाइल व्यवस्था तर जर्नलवाली आहे, तिला काही होत नाही. बँकेच्या भाषेत सांगतो. जर्नल म्हणजे रोजकीर्द. लिनक्स आधी रोजकीर्दीत लिहितो, मग खतावणीत. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द बघून खतावणीची मांडणी दुरुस्त करतो. त्यामुळे कपाट कोसळत नाही, पानं क्रमानं राहतात. पण जी नोंद अजून मेमरीतच होती, कागदावर उतरलीच नव्हती, ती कुठून आणणार? ती गेली.

दोन महिन्यांच्या पावत्या पुन्हा चढवल्या. त्या गडबडीत बी इमारतीतल्या एका काकूंच्या दोन पावत्या राहून गेल्या आणि त्यांचं नाव थकबाकीदारांच्या यादीत फलकावर लागलं. पंचवीस वर्षांत ज्यांचा एकही हप्ता चुकला नाही, त्यांचं. काकू भांडल्या नाहीत. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन कार्यालयात आल्या, त्यातून दोन्ही पावत्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "फलकावरचं काढता, पण चार दिवस लोकांनी वाचलं त्याचं काय?" याला कुणापाशीच उत्तर नव्हतं. हे मी त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे.

त्यानंतर कार्यकारिणीनं ठरवलं की यूपीएसवर लक्ष ठेवणारं काहीतरी हवं. आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण बँकेत युनिक्स पाहिलेला सोसायटीत मी एकटाच. पुण्यात माझी पुतणी याच क्षेत्रात आहे, ती फोनवर होती.

बाहेरच्या एका माणसानं प्रस्ताव दिला की हा यूपीएस काढा, नवीन घ्या, त्याच्याबरोबर कंपनीचं सॉफ्टवेअर येईल आणि वर्षाचा करार करा. दुसऱ्यानं इंटरनेटवरून काही प्रोग्रामांची चित्रं काढून आणली होती, मीटर फिरणारी, रंगीत. दिसायला छान. पण मी कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत, छान दिसणाऱ्या फाइलला आधी दोन प्रश्न विचारायची सवय आहे.

पहिला प्रश्न, आपला डबा कोणती भाषा बोलतो? प्रोग्राम कितीही चांगला असो, त्याला यूपीएसची भाषा येत नसेल तर उपयोग शून्य. लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते. आपल्या यूपीएसपुढे आला ०६६५:५१६१ हा क्रमांक, आणि नाव आलं सायप्रेस. डब्यावर ज्या कंपनीचं नाव छापलं आहे तिचा पत्ताच नाही! सायप्रेस म्हणजे आतली यूएसबीची चिप बनवणारी कंपनी. अशा चिपमागे बहुधा एक जुनी साधी भाषा बसलेली असते, तिला मेगाटेक म्हणतात. आपल्याकडे मिळणारे पुष्कळसे स्वस्त यूपीएस, नाव कोणतंही असो, हीच भाषा बोलतात. संगणक विचारतो "क्यू १", आणि यूपीएस एका ओळीत उत्तर देतो. आत येणारं व्होल्टेज, बाहेर जाणारं व्होल्टेज, लोड किती टक्के, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान, आणि शेवटी आठ आकडे, शून्य किंवा एक. त्या आठातला पहिला एक झाला की लाईन गेली. दुसरा एक झाला की बॅटरी संपत आली. बस. तारेच्या जमान्यातल्या माणसाला हे लगेच पटतं.

दुसरा प्रश्न, त्या यूपीएसवर किती संगणक आहेत? आपल्याकडे दोन. एक कार्यालयात, दुसरा भिंतीपलीकडे वाचनालयात, ज्यावर आता रोजची प्रत जाते. वायर मात्र एकाच संगणकाला लागते. दुसऱ्याला निरोप कोण देणार?

या दोन प्रश्नांवर सगळे पर्याय लावून पाहिले.

लिनक्सच्या मेजावरच्या आवृत्त्यांत 'यूपॉवर' आधीपासूनच असतं, लॅपटॉपची बॅटरी दाखवतं तेच. यूपीएस यूएसबीची ठरलेली प्रमाण भाषा बोलणारा असेल तर तो तिथे बॅटरीसारखा दिसतो, वेगळं काही बसवायला नको. ज्यांच्या घरी एकच संगणक आणि असा यूपीएस आहे त्यांनी आधी हेच बघावं. आपला त्याला दिसला नाही.

मग 'एपीसीयूपीएसडी'. नाव उच्चारताना दात अडखळतात, पण प्रोग्राम फार नेटका. एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी स्वयंसेवकांनी बनवलेला. त्यातले एक कर्न सिबाल्ड, यांनीच 'बॅक्युला' नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअरही केलं. सेटिंगची मुख्य फाइल एकच. बॅटरी पाच टक्क्यांवर आली किंवा तीन मिनिटांची उरली की संगणक बंद करायचा, हे आधीच भरून ठेवलेलं. दुसऱ्या संगणकाला निरोपही देतो. शेवटची आवृत्ती ३.१४.१४, सन २०१६ ची. जुनी म्हणून नाक मुरडू नये, काम चोख करतो. माझा यूपीएस एपीसीचा असता आणि तो या प्रोग्रामनं ओळखला असता तर मी पुढे शोधलंच नसतं. पण आपला डबा दुसरी भाषा बोलतो, तिथे विषय संपला.

कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्राम असतात, एपीसीचं पॉवरशूट, सायबरपॉवरचं पॉवरपॅनल. त्या त्या कंपनीचा यूपीएस असेल तर ठीक. माझा आक्षेप एवढाच की उद्या यूपीएस बदलला की प्रोग्राम बदला, शिकलेलं सगळं विसरा.

उरला 'नट'. नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणून नट. पहिल्या सभेत मी नाव घेतलं तेव्हा कुणीतरी विचारलं, नाटकातला की बोल्टवरचा? बोल्टवरचाच समजा. नव्वदच्या दशकात रसेल क्रोल यांनी हे सुरू केलं, पुढे आर्नो केत यांनी बरीच वर्षं सांभाळलं आणि काम आजही चालू आहे. २.८.० ही मोठी आवृत्ती २०२२ साली आली. शेकडो यूपीएस त्याच्या यादीत आहेत आणि मेगाटेक भाषेचा दुभाषीही आहे. फुकट आहे हे खरं, पण फुकट आहे म्हणून घेतलं नाही. आपल्या डब्याची भाषा येते आणि दोन संगणक सांभाळतो म्हणून घेतलं.

त्याची रचना मला आवडली, कारण ती बँकेसारखी आहे. तीन वेगळी माणसं, तीन वेगळी कामं. पहिला दुभाषी, तो फक्त यूपीएसशी बोलतो. दुसरी चौकशीची खिडकी, दुभाष्यानं आणलेली माहिती ती विचारेल त्याला देते, शेजारच्या संगणकालाही. आणि तिसरा अधिकारी, तो प्रत्येक संगणकावर बसतो, खिडकीवरून माहिती घेतो आणि संगणक बंद करायचा की नाही हे ठरवतो. खिडकी फक्त सोसायटीच्या आतल्या वायरिंगपुरती उघडी ठेवली आहे आणि तिला पासवर्ड आहे. पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट सचिवांच्या कपाटात, सही दोघांची.

खिडकीवर चौकशी करायच्या आज्ञेचं नाव 'यूपीएससी'. मी घरी म्हटलं, आज मी यूपीएससी दिली आणि पास झालो, तर नातू म्हणाला, आजोबा, वयोमर्यादा?

आता बंद होण्याचा क्रम, कारण तो नीट नसेल तर सगळं फुकट. बॅटरी संपत आली की आधी वाचनालयातला संगणक बंद होतो. कार्यालयातला त्याची वाट बघतो, साधारण पंधरा सेकंद, आणि मग स्वतः बंद व्हायला लागतो. अगदी शेवटी तो यूपीएसला सांगतो की आता तूही तुझं आउटपुट बंद कर. ही शेवटची सूचना लोकांना विचित्र वाटते. पण समजा, संगणक बंद होत असतानाच लाईन परत आली. यूपीएस बंद झालाच नसेल तर संगणकाच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही, मग तो सकाळपर्यंत तसाच बंद पडून राहणार. यूपीएसनं एकदा वीज तोडून परत दिली की तो आपोआप उठतो. त्यासाठी संगणकाच्या बायोसमध्ये "वीज आल्यावर सुरू हो" हे सेटिंग करावं लागतं, ते केलं आहे.

यातून एक अडचण निघाली जी कुणाच्या ध्यानात नव्हती. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर त्याच यूपीएसवर होता. यूपीएस बंद झाला की कॅमेरेही बंद, आणि अंधारात कॅमेरे बंद म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय तो रात्रभर बॅटरी खात होता ते वेगळंच. डीव्हीआर आपण क्लब हाऊसच्या इन्व्हर्टरवर हलवला. एका वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम.

आणखी एक. मेगाटेकवाला यूपीएस बॅटरी किती टक्के आहे हे सांगत नाही, फक्त व्होल्टेज सांगतो. आपल्या यूपीएसमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ आहेत, म्हणजे चार्ज होताना सत्तावीसच्या आसपास आणि संपताना एकवीसच्या आसपास. नट यावरून टक्केवारीचा अंदाज बांधू शकतो, पण मी त्या अंदाजावर विसंबायला तयार नव्हतो. व्होल्टेज हे म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखं आहे, बसलेला असताना ठणठणीत दिसतो, जिना चढायला लावा मग कळतं.

म्हणून जिना चढायला लावला. एका रविवारी दोन्ही संगणकांवरची कामं बंद केली, व्यवस्थापकांना घड्याळ घेऊन बसवलं आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. व्होल्टेज पूर्ण दाखवणाऱ्या बॅटऱ्या चार मिनिटांच्या आत संपल्या. म्हणजे २०२३ च्या त्या रात्री यूपीएसनं आपल्याला दिलेली सवलत किती होती बघा. बॅटऱ्या पाच वर्षांच्या होत्या. अशा बंद बॅटऱ्यांचं आयुष्य तीन ते पाच वर्षं धरतात, तेही पंचवीस अंश तापमानाला. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे, आणि आपल्या कार्यालयाची ती खिडकी मे महिन्यात पश्चिमेचं ऊन घेते. यूपीएस त्या खिडकीखालून काढून आतल्या भिंतीला ठेवला. दोन नवीन बॅटऱ्या टाकल्या. नवीन यूपीएसच्या प्रस्तावाच्या पाव भागातही खर्च गेला नाही, पावती हिशेबात आहे, कुणीही पाहावी. पुन्हा प्लग काढला तेव्हा अठरा मिनिटं चालला.

तरी अठरा मिनिटांवर खेळायचं नाही असं ठरवलं. नटमध्ये वेळ लावण्याची सोय आहे. लाईन जाऊन पाच मिनिटं झाली आणि आली नाही, की बॅटरी कितीही असो, बंद करायला लागायचं. पाच मिनिटांच्या आत आली तर काही करायचं नाही. यावर एका सदस्यांनी हरकत घेतली की अठरा मिनिटांची बॅटरी असताना पाचातच का सोडायचं. कारण बॅटरी दर उन्हाळ्यात थोडी थोडी कमी होणार, आणि त्याच रात्री दुसऱ्यांदा लाईन गेली तर तिच्यात काहीतरी शिल्लक पाहिजे. कर्ज देताना आपण तारणाच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज देतो का?

बसवल्यापासून लाईन कितीतरी वेळा गेली. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत परत आली. अकरा वेळा संगणक स्वतःहून नीट बंद झाले आणि लाईन आल्यावर उठले. त्यातल्या नऊ वेळा रात्र होती. एकदा वाचनालयातला संगणक उठला नाही, ते बायोसची छोटी बॅटरी गेल्यामुळे, ती बदलली. नट व्होल्टेजची नोंदही ठेवतो. संध्याकाळी सात ते नऊ आपल्याकडे १९० पर्यंत उतरतं आणि मध्यरात्रीनंतर २५० च्या वर जातं. ज्यांचे फ्रीजचे कॉम्प्रेसर वारंवार जातात त्यांनी ही नोंद येऊन बघावी आणि स्टॅबिलायझरचं मनावर घ्यावं.

माहिती सगळी इंग्रजीत आहे, म्हणून मी एका पानावर मराठीत लिहून काढलं आहे. लाईन गेल्यावर काय होतं, काय करायचं नाही (बंद होत असताना बटण दाबायचं नाही, हे मोठ्या अक्षरात), बॅटरी कधी टाकली, पुढची कधी. ते पान यूपीएसच्या वरच भिंतीला चिकटवलं आहे. मी उद्या नसलो तरी पान राहील, आणि व्यवस्थापक दोनदा माझ्याशिवाय चाचणी करून बसले आहेत.

चाचणी दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता असते. वेळ आणि मिनिटं चाचणी वहीत लिहून दोघांच्या सह्या होतात. मागच्या वेळी सतरा मिनिटं भरली. पुढची चाचणी बघायची असेल त्यांनी जरूर या, मुलांना आणा. पाण्याचा पंप वेगळ्या थ्री फेज लाईनवर आहे, त्यामुळे प्लग काढला म्हणून कुणाचं पाणी जाणार नाही.